विश्लेषण : वैमानिक ‘नॉइज कॅन्सलिंग’ हेडसेट कसा निवडतात? सगळ्यात महागडा घेतला की काम झालं, असं असतं का?

विमानप्रवासात कानाला नॉइज कॅन्सलिंग हेडफोन लावला की इंजिनाची घरघर एकदम मागे पडते. गाणं ऐकायचं, झोप काढायची आणि उतरायचं. पण त्याच विमानाच्या पुढच्या टोकाला बसलेल्या दोघांच्या कानावरही हेडसेट असतो, आणि त्यांना झोपायचं नसतं. एटीसीने सांगितलेला एक आकडा चुकीचा ऐकू आला तरी विमान चुकीच्या उंचीवर जाऊ शकतं. शिवाय वर्षानुवर्षं रोज पाच-सहा तास हा आवाज सोसायचा असतो, आणि कान बिघडला तर लायसन्सच अडचणीत येतं.

म्हणूनच वैमानिकांमध्ये ‘कुठला हेडसेट घेऊ?’ हा प्रश्न सतत चालू असतो. उत्तर एका ब्रँडच्या नावात संपत नाही. विमान कोणतं, कॉकपिटमधला आवाज कसला, प्लग कुठला, कंपनीचा नियम काय, यावर ते ठरतं.

साध्या हेडफोनपेक्षा वैमानिकाचा हेडसेट वेगळा कसा?

पहिला फरक मायकचा. वैमानिकाच्या हेडसेटला गालावरून ओठांपर्यंत येणारी दांडी असते, तिला ‘बूम मायक’ म्हणतात. ही दांडी ऐच्छिक नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या म्हणजे ‘आयकाओ’च्या नियमांनुसार ठरावीक उंचीच्या खाली कॉकपिटमधल्या वैमानिकांनी बूम मायक किंवा गळ्याला लावायच्या मायकवरूनच बोलायचं असतं. टेकऑफ आणि लँडिंगच्या वेळी दोन्ही हात कामात असतात, आणि दोघांचं बोलणं कॉकपिट व्हॉइस रेकॉर्डरवर स्पष्ट नोंदलं जावं लागतं.

दुसरा फरक विश्वासार्हतेचा. बाजारातल्या हेडफोनची बॅटरी संपली तर गाणं बंद पडतं, फार काही बिघडत नाही. विमानाच्या हेडसेटमध्ये बॅटरी संपली किंवा नॉइज कॅन्सलिंगचं सर्किट बंद पडलं तरी रेडिओ ऐकू येणं आणि बोलणं चालूच राहिलं पाहिजे. फक्त बाहेरचा आवाज वाढेल, इतकंच.

इथे एक नेहमीचा गोंधळही दूर करायला हवा. ‘नॉइज कॅन्सलिंग मायक’ आणि ‘नॉइज कॅन्सलिंग हेडसेट’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यामुळे समोरच्याला तुमचा आवाज स्वच्छ जातो, दुसऱ्यामुळे तुमच्या कानाला आराम मिळतो. जाहिरातीत नुसतं ‘नॉइज कॅन्सलिंग’ लिहिलेलं असेल तर ते नेमकं कशाबद्दल आहे, हे आधी पाहावं लागतं.

आवाजाने आवाज कसा मारला जातो?

आवाज म्हणजे हवेतल्या दाबाच्या लाटा. एका लाटेचा चढ आणि दुसऱ्या लाटेचा उतार नेमका एकाच वेळी कानाशी आला, तर दोन्ही एकमेकांना रद्द करतात. हेडसेटच्या कपातला छोटा मायक बाहेरून आत शिरलेला आवाज टिपतो, सर्किट त्याची उलटी लाट तयार करतं आणि स्पीकर ती कानात सोडतो. विमानाच्या क्षेत्रात याला ‘अॅक्टिव्ह नॉइज रिडक्शन’ किंवा थोडक्यात ‘एएनआर’ म्हणतात.

कल्पना जुनी आहे. जर्मनीच्या पॉल ल्यूग यांना याचं अमेरिकी पेटंट १९३६ मध्येच मिळालं होतं. पण ती विमानात खऱ्या अर्थाने आली अमर बोस यांच्यामुळे. एमआयटीत शिकवणाऱ्या बोस यांचे वडील मूळचे कोलकात्याचे. १९७८ मध्ये झुरिचहून अमेरिकेला परतताना विमानात मिळालेल्या हेडफोनमधून इंजिनाच्या आवाजाखाली संगीत नीट ऐकूच येईना, तेव्हा त्यांनी त्याच प्रवासात या तंत्राची गणितं मांडायला सुरुवात केली. १९८६ मध्ये ‘व्हॉयेजर’ या विमानाने न थांबता, इंधन न भरता ९ दिवसांत जगप्रदक्षिणा केली, तेव्हा त्यातल्या दोन वैमानिकांच्या कानावर या हेडसेटचे सुरुवातीचे नमुने होते. १९८९ मध्ये तो बाजारात विक्रीला आला.

या तंत्राची एक मर्यादा मात्र निवड करताना सगळ्यात महत्त्वाची ठरते. उलटी लाट बनवायला थोडा वेळ लागतो. खालच्या पट्टीच्या, संथ, एकसारख्या घरघरीत तो वेळ चालून जातो. वरच्या पट्टीच्या सूं-सूं आवाजात लाटा इतक्या जवळजवळ असतात की उलटी लाट वेळेत पोहोचत नाही. साधारण १,००० हर्ट्झच्या वर एएनआरचा उपयोग झपाट्याने कमी होतो. तिथे काम करतं ते कानाभोवतीचं घट्ट पॅडिंग. त्याला ‘पॅसिव्ह’ संरक्षण म्हणतात.

सेसना आणि एअरबससाठी एकच हेडसेट का चालत नाही?

बारामती, गोंदिया किंवा नागपूरला फ्लाइंग शिकणारी मुलं बहुतेकदा छोट्या, पंख्याच्या विमानांवर सुरुवात करतात. सेसना १७२ चा दोन पात्यांचा पंखा मिनिटाला २,४०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ४० फेरे आणि ८० वेळा पातं हवा कापतं. म्हणजे आवाजाची मुख्य पट्टी ८० हर्ट्झच्या आसपास, अगदी खालची. एएनआरसाठी हे हातखंडा काम आहे. इथे पूर्ण कान झाकणारा, घट्ट बसणारा एएनआर हेडसेट लावला की फरक पहिल्याच मिनिटाला कळतो.

एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ मध्ये चित्र बदलतं. इंजिनं कॉकपिटपासून बरीच मागे, पंखांखाली असतात. पुढे ऐकू येतो तो मुख्यतः विमानाच्या नाकावरून आणि काचांवरून घासत जाणाऱ्या हवेचा आवाज, आणि जोडीला एअर कंडिशनिंगचा व उपकरणं थंड ठेवणाऱ्या पंख्यांचा. यात वरच्या पट्टीचा सूं-सूं भाग बराच असतो. आवाजाची एकूण पातळीही छोट्या विमानापेक्षा कमी असते.

याचा अर्थ असा, की सेसनात ज्या हेडसेटने जादू केली तोच जेटमध्ये तितका फरक पाडेल असं नाही. उलट कानावर पाच तास दाबून बसलेलं जड यंत्र नकोसं होतं. म्हणून एअरलाइनच्या वैमानिकांसाठी हलके प्रकार वेगळे बनवले जातात. टर्बोप्रॉप विमानं, म्हणजे जेट इंजिनावर चालणाऱ्या पंख्याची एटीआर ७२ सारखी विमानं, या दोन्हींच्या मधली. तिथे घरघर जास्त असते, त्यामुळे एएनआरचा फायदाही जास्त.

कोणते प्रकार मिळतात?

ढोबळमानाने तीन प्रकार आहेत.

*पूर्ण कान झाकणारे :* बोसचा ए२० आणि त्यानंतर २०२३ मध्ये आलेला ए३०, लाइटस्पीडचे झुलू मालिकेतले हेडसेट, डेव्हिड क्लार्कचा डीसी वन-एक्स ही यातली परिचित नावं. संरक्षण सगळ्यात चांगलं. पण वजन साडेतीनशे-चारशे ग्रॅमच्या घरात जातं आणि मुंबईच्या मे महिन्यात पार्किंग बेवर उभं असताना कानाभोवती घाम येतो.

*कानावर टेकणारे :* कान पूर्ण झाकत नाहीत, पॅड कानावर बसतं. डेव्हिड क्लार्कचा डीसी प्रो-एक्स या प्रकारातला. वजन निम्म्याच्या आसपास. पॅसिव्ह संरक्षण कमी, पण जेटमध्ये अनेकांना ते पुरेसं वाटतं. काहींना मात्र दोन-तीन तासांनी कानाची पाळी दुखू लागते.

*कानाच्या आत बसणारे :* बोसचा प्रोफ्लाइट किंवा एएनआर नसलेला, फक्त फोमच्या बोंडावर चालणारा क्लॅरिटी अलॉफ्ट. प्रोफ्लाइट जेमतेम सव्वाशे ग्रॅमचा आहे. डोक्यावर काही आहे हेच विसरायला होतं. पण कानात काही खुपसलेलं सगळ्यांनाच सहन होत नाही. सर्दी असेल किंवा विमान खाली उतरताना कान दडे बसत असतील, तर घट्ट बोंडाने त्रास वाढू शकतो.

एएनआर नसलेले साधे हेडसेटही आजही जोरात चालतात. हिरव्या कपांचा डेव्हिड क्लार्कचा एच१०-१३.४ अनेक फ्लाइंग क्लबमध्ये दिसतो. बॅटरी नाही, सर्किट नाही, पडला-आपटला तरी चालतो.

चष्मा, मास्क आणि मोकळा कान

माहितीपत्रकात न दिसणाऱ्या तीन गोष्टी प्रत्यक्षात निवड ठरवतात.

पहिली चष्म्याची. चष्म्याची किंवा गॉगलची काडी कानाच्या पॅडखालून जाते आणि तिथे बारीक फट राहते. त्या फटीतून आवाज आत शिरतो. जाड काडीचा चष्मा असेल तर महागड्या हेडसेटचा बराच पैसा तिथेच वाया जातो. हेडसेट तपासताना नेहमीचा चष्मा लावूनच तपासावा, हा जुन्या वैमानिकांचा सल्ला त्यामुळेच.

दुसरी ऑक्सिजन मास्कची. केबिनमधला दाब गेला तर वैमानिकाने काही सेकंदांत मास्क चढवायचा असतो. हेडसेटची पट्टी फार जाड असेल किंवा कप बाहेर आलेले असतील तर मास्कचे पट्टे अडकू शकतात. ५ जानेवारी २०२४ रोजी अमेरिकेत पोर्टलँडहून निघालेल्या अलास्का एअरलाइन्सच्या बोइंग ७३७-९ मॅक्सचा दरवाजाच्या जागी बसवलेला भाग हवेत निखळला. दाब सुटताच कॉकपिटचा दरवाजा उघडला, सहवैमानिकाचा हेडसेट निघून गेला आणि कॅप्टनचा जागेवरून सरकला. प्रचंड आवाजात एकमेकांचं आणि एटीसीचं बोलणं ऐकणं अवघड झालं. विमान सुखरूप परतलं. त्या झटक्यात कुठलाही हेडसेट टिकला असता असं नाही. पण हेडसेट आणि मास्क या दोन्हींची सवय एकत्र असावी लागते, हे त्यातून पुन्हा दिसलं.

तिसरी गोष्ट मोकळ्या कानाची. काही विमानांत दोन वैमानिकांचं आपसातलं बोलणं इंटरकॉमवरून थेट कानात येतं, तर काही ठिकाणी दोघं तसेच, तोंडाने बोलतात. अशा वेळी अनेक जण शेजाऱ्याच्या बाजूचा कान उघडा ठेवतात. डावीकडे बसलेला कॅप्टन उजवा कान, उजवीकडचा सहवैमानिक डावा. मग एएनआरचा फायदा निम्माच मिळतो. उघड्या कानाला संरक्षण नाही आणि झाकलेल्या कानात रेडिओचा आवाज वाढवावा लागतो. म्हणून काही हेडसेटमध्ये एएनआर कमी-जास्त करायची सोय किंवा बाहेरचं बोलणं आत घेणारी ‘टॉक थ्रू’ सोय असते. एअरलाइनच्या वैमानिकाला ती गाणी ऐकवणाऱ्या ब्लूटूथपेक्षा कितीतरी उपयोगी पडते.

जास्त शांतता धोक्याची ठरू शकते का?

हो, हा प्रश्न गंभीरपणे विचारला गेला आहे. अमेरिकेच्या फेडरल एव्हिएशन अॅडमिनिस्ट्रेशनने म्हणजे एफएएने २००७ मध्ये विमान कंपन्यांना याबाबत सावध केलं होतं. मुद्दा सरळ होता. एएनआर आवाजाला ओळखत नाही, तो फक्त पट्टी ओळखतो. इंजिनाचा बदललेला सूर, एखाद्या भागाची थरथर, काही इशाऱ्यांचे आवाज, हेही त्याच्या तावडीत सापडू शकतात. त्यामुळे एएनआर चालू असताना आपल्या विमानातले सगळे इशारे ऐकू येतात का, हे कंपनीने तपासावं आणि येत नसतील तर दिव्यासारखी पर्यायी सोय पाहावी, असा त्याचा आशय होता.

बोलके इशारे बहुतेक वेळा माणसाच्या आवाजाच्या पट्टीत असतात. तिथे एएनआरचा परिणाम कमी असतो, त्यामुळे ते सहसा स्पष्ट ऐकू येतात, कधी कधी तर पार्श्वभूमी शांत झाल्याने अधिकच स्पष्ट. तरीही नवा हेडसेट घेतल्यावर जमिनीवर, इशाऱ्यांची चाचणी घेताना तो चालू-बंद करून पाहणं हीच खरी खात्री.

मग कानाचं एवढं का मनावर घ्यायचं?

अमेरिकेतल्या ‘नायोश’ या कामगार आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तासांपर्यंत सहन करावा. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला ४ तास, ९१ ला फक्त २ तास. कारण ३ डेसिबल वाढले की कानावर आदळणारी ऊर्जा दुप्पट होते.

यात वैमानिकाचा खरा शत्रू अनेकदा इंजिन नसून स्वतःचा व्हॉल्यूमचा खटका असतो. बाहेरचा आवाज जास्त म्हणून रेडिओ मोठा, आणि तो मोठा रेडिओ थेट कानात. चांगल्या हेडसेटचा सगळ्यात मोठा फायदा हाच, की रेडिओ हळू ठेवूनही शब्द कळतात. नवा हेडसेट लावून व्हॉल्यूम पूर्वीइतकाच राहत असेल, तर पैसे खर्चून कानाचं भलं झालेलं नाही.

आणि कान ही खासगी बाब राहत नाही. आयकाओच्या निकषांनुसार क्लास १ वैद्यकीय तपासणीत प्रत्येक कानाची वेगळी चाचणी होते. ५००, १,००० आणि २,००० हर्ट्झवर ३५ डेसिबलपेक्षा जास्त आणि ३,००० हर्ट्झवर ५० डेसिबलपेक्षा जास्त ऱ्हास चालत नाही. ही चाचणी चाळिशीपर्यंत किमान पाच वर्षांतून एकदा, नंतर दोन वर्षांतून एकदा व्हायला हवी. मर्यादा ओलांडली तरी कॉकपिटसारख्या आवाजात बोलणं नीट कळतं हे सिद्ध केल्यास मार्ग उरतो, पण तोवर डोक्यावर टांगती तलवार असतेच. आवाजाने गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. ती हळूहळू जाते, दुखत नाही, त्यामुळे उशिरा कळतं.

प्लग चुकला की सगळंच चुकलं

विद्यार्थ्यांची सगळ्यात जास्त फसगत इथे होते. छोट्या विमानांत दोन वेगळे प्लग लागतात, एक ऐकण्यासाठी आणि एक थोडा बारीक, मायकसाठी. बोइंग ७३७ मध्येही बहुतेकदा हीच जोडी असते. एअरबसमध्ये मात्र पाच पिनांचा एकच गोल ‘एक्सएलआर’ प्लग असतो आणि बऱ्याच विमानांत त्यातूनच एएनआरला वीज मिळते. हेलिकॉप्टरचा प्लग आणखी वेगळा.

म्हणजे फ्लाइंग स्कूलसाठी घेतलेला लाखाच्या घरातला हेडसेट दोन वर्षांनी एअरबसच्या सॉकेटमध्ये बसतच नाही. अॅडाप्टर मिळतात, पण मायकची पातळी, वीज आणि कंपनीची परवानगी हे तीनही प्रश्न उरतात. काही मॉडेल्सची फक्त केबल बदलता येते. पुढे एअरलाइनमध्ये जायचं ठरलेलं असेल, तर खरेदीच्या वेळी हीच एक गोष्ट विचारली तरी बराच खर्च वाचतो.

परवानगी कोणाची लागते?

हेडसेटवर ‘टीएसओ’ अशी नोंद आहे का, हे पाहिलं जातं. एफएएने उपकरणांसाठी ठरवलेल्या किमान दर्जाची ती खूण. विमानातल्या ध्वनी उपकरणांसाठी टीएसओ-सी१३९ हा दर्जा आहे. खासगी उड्डाणात एकवेळ तडजोड चालते, पण एअरलाइनमध्ये कोणता हेडसेट वापरायचा हे कंपनीची मॅन्युअल्स ठरवतात. अनेक कंपन्यांत मान्य मॉडेल्सची यादी असते. विमानात कंपनीचा हेडसेट असतोच. स्वतःचा आणायचा असेल तर आधी ती यादी, मग दुकान.

घरचा गाण्याचा हेडफोन घेऊन त्याला बूम मायक जोडण्याची साधनंही मिळतात. स्वस्त पडतात आणि शांतताही चांगली देतात. पण बॅटरी संपल्यावर रेडिओ ऐकू येतो का आणि कंपनीला ते मान्य आहे का, या दोन प्रश्नांची उत्तरं ‘हो’ असल्याशिवाय तो प्रयोग प्रवासी विमानात करण्यासारखा नाही.

खरेदीआधी काय तपासावं?

- कोणत्या विमानात वापरणार? पंख्याचं असेल तर पूर्ण कान झाकणारा, जेट असेल तर हलका प्रकार आधी पाहावा.
- प्लग कोणता? केबल बदलता येते का? वीज विमानातून की बॅटरीतून?
- कंपनीच्या मान्य यादीत आहे का?
- एएनआर बंद करून बोलणं-ऐकणं नीट चालतं का?
- चष्मा लावून किमान तासभर घालून पाहिला का? दुकानातली पाच मिनिटं काहीच सांगत नाहीत.
- मास्क चढवताना अडतो का?
- कानाचे पॅड, मायकचा फोम आणि बोंडं सुटी मिळतात का? घामट हवेत ती लवकर खराब होतात, आणि कडक झालेलं पॅड म्हणजे फट.
- दुरुस्तीसाठी भारतात सोय आहे की परदेशात पाठवावा लागेल?

किमतीचा अंदाज द्यायचा तर साधा, एएनआर नसलेला चांगला हेडसेट अमेरिकेत चारशे डॉलरच्या आसपास मिळतो, तर बोस ए३० सारखा बाराशे डॉलरच्या पुढे जातो. भारतात येईपर्यंत त्यावर कर आणि वाहतूक चढते. प्रशिक्षणाच्या कर्जाचे हप्ते डोक्यावर असलेल्या विद्यार्थ्याला हा फरक मोठा आहे. अशा वेळी नीट बसणारा, ताज्या पॅडचा साधा हेडसेट हा ढिल्या बसणाऱ्या महागड्या एएनआरपेक्षा कानाची जास्त काळजी घेतो.

आणि हेडसेट कुठलाही असो, एक गोष्ट फुकट आहे. मायक ओठांच्या कोपऱ्याशी, जेमतेम बोटभर अंतरावर, योग्य बाजू तोंडाकडे करून ठेवायचा. तो हनुवटीखाली लोंबत असेल तर आपल्या कानात कितीही शांतता असली, तरी एटीसीच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला ऐकू येते ती फक्त खरखर.